अलिबागचा पिन कोड संख्या म्हणून वाचताना

रायगड जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या अलिबागचा पिन कोड ४०२२०१ आहे. टपाल खात्याच्या लेखी हे सहा अंक म्हणजे पत्त्याचा संक्षेप होय. पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा मिळून झालेला विभाग दाखवतो, पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी करणारा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक पत्र नेमके कोणत्या कार्यालयातून वाटले जाईल ते सांगतात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतातले कवीही होते. टपालाच्या कामात दोन पिन कोडची बेरीज करण्याला किंवा एखाद्या पिन कोडला ३ ने भागून पाहण्याला काहीच अर्थ नाही. पण तेच सहा अंक ‘चार लाख दोन हजार दोनशे एक’ असे वाचले, की त्यांना गणिताचे सगळे प्रश्न विचारता येतात.

एखादी मोठी पूर्ण संख्या समोर आली म्हणजे गणिती तिच्याबद्दल नेमके काय विचारतात आणि तिला कोणकोणत्या वर्गांत बसवतात, हे येथे या एकाच संख्येच्या आधारे पाहू. अधूनमधून दापोली, देवगड आणि डहाणू यांचे पिन कोडही तुलनेसाठी घेऊ. सुरुवातीलाच एक भेद लक्षात ठेवावा, कारण संख्यांच्या गमती सांगणारे लेख तो बहुधा पुसून टाकतात. संख्येचे काही गुणधर्म खुद्द संख्येचे असतात, तर काही केवळ आपण ती दहा अंकांच्या मदतीने लिहितो म्हणून दिसतात. दोन्ही मनोरंजक असले, तरी त्यांचे गणितातले वजन सारखे नाही.

पहिला प्रश्न अर्थातच संख्या मूळ आहे की संयुक्त, हा. १ आणि ती स्वतः यांखेरीज जिला कोणीही विभाजक नाही ती मूळ संख्या, हे शाळेत शिकलेले असते. ४०२२०१ चे वर्गमूळ ६३४ पेक्षा किंचित जास्त आहे. संख्या संयुक्त असेल, तर तिचा निदान एक मूळ अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असू शकत नाही, कारण वर्गमूळाहून मोठ्या दोन संख्यांचा गुणाकार मूळच्या संख्येच्या पुढे जाईल. म्हणजे ६३४ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहिले, की सहा अंकी संख्येचा निकाल लागतो. कागद-पेन्सिल घेऊन बसल्यास हे एका दुपारचे काम आहे. या परिसरातल्या संख्यांपैकी सरासरीने साधारण तेरांतून एकच मूळ असते, त्यामुळे संख्या संयुक्त निघण्याची शक्यता मुळातच मोठी असते.

अलिबागच्या बाबतीत मात्र भागाकार करत बसण्याची गरजच पडत नाही. संख्या मधोमध तोडून ४०२ आणि २०१ अशी पाहावी. ४०२ ही २०१ ची दुप्पट आहे. म्हणून ४०२२०१ म्हणजे ४०२००० अधिक २०१, म्हणजेच २०१ ची दोन हजार पट अधिक २०१ ची एक पट, म्हणजे २०१ × २००१. पहिले तीन अंक पुढच्या तीन अंकांच्या दुप्पट असलेल्या कोणत्याही सहा अंकी संख्येला २००१ ने निःशेष भाग जातो, हे यातून आपोआप सिद्ध होते. तीन अंक पुन्हा जसेच्या तसे लिहून होणाऱ्या ३५७३५७ सारख्या संख्येला ७, ११ आणि १३ या तिघांनी भाग जातो, ही शाळेतली जुनी करामतही याच जातीची आहे, कारण तेथे १००१ हा अवयव असतो आणि १००१ = ७ × ११ × १३.

आता उरलेले काम लहान आहे. २०१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून २०१ = ३ × ६७. २००१ च्या अंकांची बेरीजही ३, म्हणून २००१ = ३ × ६६७, आणि ६६७ = २३ × २९. सगळे एकत्र मांडले तर ४०२२०१ = ३ × ३ × २३ × २९ × ६७. कोणत्याही मार्गाने गेले तरी हेच पाच मूळ अवयव मिळतील, याची हमी अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत देतो: १ पेक्षा मोठी प्रत्येक पूर्ण संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात, अवयवांचा क्रम सोडल्यास, एकाच प्रकारे लिहिता येते.

ती हमी तपासून पाहण्यासाठी अगदी वेगळ्या मार्गाने जाऊ. सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती पिअर द फेर्मा यांनी विषम संख्येचे अवयव काढण्याची एक युक्ती १६४३ मधल्या एका पत्रात सांगितली होती. वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्यावी, तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करावी आणि बाकी पूर्ण वर्ग आहे का ते पाहावे. नसेल तर पुढची संख्या घ्यावी, तीही नसेल तर तिच्या पुढची. येथे वर्गमूळाच्या लगेच वर ६३५ आहे. ६३५ चा वर्ग ४०३२२५, त्यातून ४०२२०१ वजा केले की १०२४ उरतात, आणि १०२४ हा ३२ चा वर्ग आहे. पहिल्याच पायरीवर उत्तर मिळाले. दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र वापरले, की ४०२२०१ = (६३५ − ३२) × (६३५ + ३२) = ६०३ × ६६७. आता ६०३ = ३ × ३ × ६७ आणि ६६७ = २३ × २९. अवयव तेच आले. २०१ × २००१ आणि ६०३ × ६६७ या दोन मांडण्यांत फरक इतकाच, की ३ हा अवयव एका कंसातून दुसऱ्या कंसात गेला आहे.

मूळ अवयव हातात आले, की बाकीची पुष्कळ माहिती फारशी मेहनत न घेता मिळते. विभाजक तयार करताना ३ एकदाही न घेणे, एकदा घेणे किंवा दोनदा घेणे असे तीन पर्याय असतात, तर २३, २९ आणि ६७ यांपैकी प्रत्येक घेणे किंवा न घेणे असे दोन-दोन पर्याय असतात. म्हणून विभाजकांची संख्या ३ × २ × २ × २ = २४. हे चोवीस विभाजक बारा जोड्यांत विभागतात आणि प्रत्येक जोडीचा गुणाकार ४०२२०१ होतो. त्या बारा जोड्यांपैकी ६०३ आणि ६६७ या सर्वांत जवळच्या आहेत आणि म्हणूनच फेर्मांची युक्ती इतक्या लवकर फळली. संख्या विषम असल्यामुळे प्रत्येक जोडीपासून दोन वर्गांची एकेक वजाबाकी तयार होते. अर्थात ही संख्या दोन वर्गांच्या फरकाच्या रूपात बरोबर बारा प्रकारे लिहिता येते.

३ हा अवयव दोनदा आल्यामुळे ही संख्या वर्गमुक्त नाही, कारण ९ या पूर्ण वर्गाने तिला भाग जातो. देवगडचा पिन कोड ४१६६१३ घेतला तर तो ३ × १९ × ७३०९ असा तीन वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार निघतो, म्हणजे तो वर्गमुक्त आहे. तेथे मात्र ३ आणि १९ सापडल्यानंतरही ७३०९ मूळ आहे याची खात्री करण्यासाठी ८३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावेच लागते. अलिबागसारखी फट देवगडच्या अंकांत दिसत नाही.

विभाजकांच्या बेरजेवरून होणारे वर्गीकरण फार जुने आहे. इसवी सन १०० च्या सुमारास होऊन गेलेल्या निकोमाकस या ग्रीक गणितीने संख्यांचे तीन वर्ग सांगितले. संख्या स्वतः सोडून तिच्या बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येइतकीच आली तर ती परिपूर्ण, कमी आली तर न्यून आणि जास्त आली तर विपुल. ६ ही परिपूर्ण आहे, कारण १ + २ + ३ = ६. त्यानंतर २८, ४९६ आणि ८१२८ येतात. ४०२२०१ च्या सर्व विभाजकांची बेरीज काढण्यासाठी चोवीस संख्या मांडाव्या लागत नाहीत. (१ + ३ + ९) × (१ + २३) × (१ + २९) × (१ + ६७), म्हणजे १३ × २४ × ३० × ६८ = ६३६४८० एवढे पुरेसे आहे. त्यातून संख्या स्वतः वजा केली की २३४२७९ उरतात. ही बेरीज संख्येच्या बरीच खाली असल्याने अलिबाग न्यून वर्गात बसतो.

आता दापोली. तिचा पिन कोड ४१५७१२ हा २ × २ × २ × २ × २ × ११ × ११८१ इतका आहे. विभाजक मोजले तर ६ × २ × २, म्हणजे येथेही चोवीसच. संख्याही अलिबागच्या जवळपासची, विभाजकही तितकेच, आणि तरीही दापोलीच्या विभाजकांची बेरीज, ती संख्या वगळून, ४७७८८० येते. म्हणजे संख्येपेक्षा ६२१६८ ने जास्त. दापोली विपुल आहे. हा फरक विभाजकांच्या संख्येमुळे पडत नाही, तर अवयव किती लहान आहेत यामुळे पडतो. २ चे पाच घात एकत्र आले की विभाजकांची बेरीज त्या संख्येच्या जवळजवळ दुप्पट होतेच (३२ ला ६३), आणि त्यावर ११ मुळे बारा अकरांश पटीची भर पडली की दुपटीची रेषा ओलांडली जाते. उलट ३, २३, २९ आणि ६७ एवढ्याच मूळ संख्या वापरून, त्यांचे कितीही मोठे घात घेऊन, कोणतीही संख्या तयार केली तरी तिच्या सर्व विभाजकांची बेरीज संख्येच्या १.६५ पटीच्या पुढे जात नाही. अलिबागच्या अवयवांना विपुल होणे मुळातच शक्य नाही. विषम संख्यांची ही सर्वसाधारण अडचण आहे. सर्वांत लहान विषम विपुल संख्या ९४५ ही आहे. विषम परिपूर्ण संख्या तर आजवर एकही सापडलेली नाही. अशी संख्या असलीच तर तिच्यात १५०० पेक्षा जास्त अंक असले पाहिजेत एवढे सिद्ध झाले आहे, पण ती नाहीच असे कोणीही सिद्ध करू शकलेले नाही.

वर्गांच्या बेरजेचा प्रश्न मला व्यक्तिशः विभाजकांच्या बेरजेपेक्षा अधिक खोल वाटतो. ४०२२०१ ही दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? कोणत्याही वर्गाला ४ ने भागले की बाकी ० किंवा १ उरते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेला ४ ने भागून बाकी ३ कधीच उरत नाही. अलिबागच्या संख्येला ४ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणजे पहिल्या दरवाजातून ती आत येते. खरी अडवणूक मूळ अवयवांपाशी होते. २३ ला ४ ने भागले की बाकी ३ उरते, आणि अशी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेला भागत असेल तर ती त्या दोन्ही वर्गांना स्वतंत्रपणे भागतेच, म्हणजे बेरजेत ती दोनदा, चारदा अशी सम वेळाच आलेली असली पाहिजे. येथे २३ एकदाच आला आहे आणि त्याच प्रकारचा ६७ देखील एकदाच. म्हणून उत्तर नाही असे आहे. ३ हाही त्याच गटातला आहे, पण तो दोनदा आल्याने त्याची हरकत नाही. २९ ची तर मुळीच नाही, कारण २९ = २५ + ४. हा नियम फेर्मांनी सांगितला आणि पुढे ऑयलर यांनी सिद्ध केला.

तीन वर्ग वापरण्याची मुभा दिली, की चित्र पालटते. लेजांद्र यांच्या सिद्धांतानुसार, संख्येतून ४ हे अवयव जितके निघतील तितके काढून टाकल्यावर उरलेल्या संख्येला ८ ने भागून बाकी ७ उरत असेल, तरच ती तीन वर्गांत मांडता येत नाही. ४०२२०१ ला ८ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून मांडणी असणारच, आणि ती शोधणेही कठीण नाही: ६३४ चा वर्ग ४०१९५६, उरले २४५, आणि २४५ = १९६ + ४९. अर्थात ६३४, १४ आणि ७ यांच्या वर्गांची बेरीज ४०२२०१ होते.

येथपर्यंतचे सगळे गुणधर्म खुद्द संख्येचे आहेत. चार लाख दोन हजार दोनशे एक नारळांचा ढीग असता, तर त्याच्या ६०३ च्या ६६७ सारख्या रांगा लावता आल्या असत्या, मग मोजणारा मराठी अंक वापरो, रोमन वापरो की नुसत्या रेघा मारो. यापुढचे गुणधर्म मात्र लेखनाशी बांधलेले आहेत, आणि त्या प्रांतात कोकणच्या किनाऱ्याचे नाव जगभर गाजले आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपेही कोकणचेच, दापोलीजवळच्या मुर्डीचे, आणि १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय. कापरेकरांनी पुढे १९३० ते १९६२ अशी आयुष्यभराची नोकरी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून केली. विद्यापीठातल्या गणितींनी त्यांच्या कामाकडे बराच काळ करमणूक म्हणूनच पाहिले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिल्यावर त्यांचे नाव सर्वदूर पोचले.

ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटले. ४ + ० + २ + २ + ० + १ = ९, आणि ४०२२०१ ÷ ९ = ४४६८९. अलिबाग हर्षद आहे. खरे तर अंकांची बेरीज ९ असणारी प्रत्येक संख्या हर्षद असतेच, कारण ९ ची विभाज्यता अंकांच्या बेरजेवरूनच ठरते आणि जुन्या पिढीचा नवाचा ताळाही याच कारणाने जुळतो. बेरीज १८ किंवा २७ आली तर मात्र अशी हमी नाही. खुद्द कापरेकरांच्या डहाणूचा पिन कोड ४०१६०१ हर्षद नाही, कारण अंकांची बेरीज १२ आहे आणि विषम संख्येला १२ ने भाग जाणे अशक्य. लागोपाठच्या जास्तीत जास्त वीस संख्या हर्षद असू शकतात, एकवीस कधीच नाहीत, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केले.

स्वयंभू संख्या ही कापरेकरांचीच दुसरी कल्पना. कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या ‘जन्माला’ येते. १५ पासून १५ + १ + ५ = २१. जी संख्या अशा रीतीने कोणापासूनही जन्माला येत नाही, ती स्वयंभू. २० हे सोपे उदाहरण आहे. ४०२२०१ ला जनक आहे का हे तपासताना नवाचा ताळा उपयोगी पडतो. संख्येला ९ ने भाग जातो, म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज ९, १८, २७, ३६ अशीच असली पाहिजे. १८ घेतल्यास जनक ४०२१८३ ठरतो आणि त्याच्या अंकांची बेरीज खरोखरच ४ + ० + २ + १ + ८ + ३ = १८ आहे. बाकीचे पर्याय जुळत नाहीत. तेव्हा अलिबाग स्वयंभू नाही, आणि त्याचा जनक एकच आहे.

कापरेकरांची सर्वांत गाजलेली क्रिया वजाबाकीची आहे. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात आणि तेथेच थांबतात. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४ अशा बरोबर सातही पायऱ्या लागतात. सहा अंकांत मात्र सर्वांना एकच मुक्काम नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या स्वतःवरच थांबतात आणि बाकी पुष्कळ संख्या एका चक्रात अडकतात. अलिबागपासून निघाल्यास ४२२१०० − ००१२२४ = ४२०८७६, मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांचे हे चक्र मग संपत नाही. पिन कोड स्वतः चक्रात नाही, तो एकाच वजाबाकीत त्यात जाऊन पडतो.

अंक उलटे करून मिळवण्याचा खेळही येथे लगेच संपतो: ४०२२०१ + १०२२०४ = ५०४४०५, जी दोन्ही बाजूंनी सारखीच वाचली जाते. एकाही स्थानावर हातचा येत नाही, एवढेच त्यामागचे कारण. १९६ या छोट्याशा संख्येवर हीच क्रिया कितीही वेळा केली तरी अशी संख्या आजवर आलेली नाही, आणि ती कधीच येणार नाही याची सिद्धताही कोणाजवळ नाही.

आता लेखनपद्धत बदलून पाहू. संगणक वापरतो त्या द्विमान पद्धतीत ४०२२०१ ही संख्या ११०००१०००११०००११००१ अशी एकोणीस अंकी होते. तिच्यात १ हा अंक आठ वेळा येतो, म्हणून अंकांची बेरीज आठ, आणि विषम संख्येला आठाने भाग जात नाही. द्विमान पद्धतीत अलिबाग हर्षद राहत नाही. जनक बदलतो, वजाबाकीचे चक्र बदलते, उलटसुलट वाचन बदलते. उलट दहाऐवजी दोन हजारांचा आधार घेऊन संख्या लिहायची ठरवली, तर ती २०१ आणि २०१ अशा दोन सारख्या ‘अंकां’ची होते आणि दोन्ही बाजूंनी सारखीच वाचली जाते. अवयव मात्र प्रत्येक पद्धतीत तेच पाच, विभाजक तेच चोवीस, आणि दोन वर्गांत मांडण्याची अशक्यताही तशीच. प्रत्येक आधारात हर्षद राहणाऱ्या संख्या केवळ चार आहेत: १, २, ४ आणि ६. कापरेकरांच्या कामाला करमणूक म्हणणाऱ्यांचा आक्षेप या एका मुद्द्यापुरता खरा होता. पण अंकांच्या बेरजेच्या या प्रश्नांवर पुढे गंभीर संशोधन झाले, हेही तितकेच खरे आहे.

सहा अंकी संख्या हाताने फुटते. अंक वाढत गेले की दोन प्रश्नांच्या वाटा वेगळ्या होतात. संख्या मूळ आहे की नाही एवढेच ठरवणे तुलनेने सोपे राहते. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवून दिले, की अंकांची संख्या वाढली तरी या निर्णयाला लागणारा वेळ आटोक्यातच वाढतो, आणि त्यासाठी नशिबावर किंवा असिद्ध गृहीतकावर विसंबावे लागत नाही. अवयव शोधण्यासाठी मात्र आजच्या संगणकांवर चालणारी अशी कोणतीही पद्धत माहीत नाही. अवयव काढण्याचे आव्हान म्हणून जाहीर केलेल्या २५० अंकी एका संख्येचे दोन मूळ अवयव फेब्रुवारी २०२० मध्ये सापडले, तेव्हा त्यामागे असंख्य संगणकांचे एकत्रित काम होते. बँकेच्या संकेतस्थळाशी आपला संवाद सुरक्षित ठेवायला मदत करणारी आरएसए ही पद्धत याच अडचणीवर उभी आहे. तिच्या प्रचलित किल्ल्यांतली संख्या ६१७ अंकी असते आणि ती दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असते.

अशा संख्येतही अलिबागच्या संख्येसारखी फट राहू शकते. फेर्मांनी आपल्या पत्रात २०२७६५१२८१ ही दहा अंकी संख्या घेतली होती आणि ४५०३० पासून सुरुवात करून बाराव्या प्रयत्नात ४५०४१ वर ती ४४०२१ × ४६०६१ अशी फोडली होती. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले, की संख्या कितीही मोठी असो, ही युक्ती त्यांना ताबडतोब उघडे पाडते. २०२२ मध्ये काही प्रिंटरांनी तयार केलेल्या आरएसए किल्ल्यांतल्या दोन मूळ संख्या इतक्या जवळजवळ निघाल्या, की १६४३ ची ही पद्धत वापरून त्या किल्ल्या साध्या संगणकावर फोडता आल्या. ही शक्यता आधीच ओळखून अमेरिकेच्या सरकारी मानकात ६१७ अंकी किल्लीतल्या दोन मूळ संख्यांमधले अंतर २ च्या ९२४ व्या घातापेक्षा, म्हणजे २७९ अंकी एका संख्येपेक्षा, जास्त असले पाहिजे अशी अट घातलेली आहे.